पाचशे फूट जमिनीपासून मोजा, धावपट्टीपासून नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या भागातल्या धावपट्टीवर वैमानिक प्रशिक्षणाच्या फेऱ्या वाढणार, अशी बातमी गेल्या महिन्यात आपल्या दैनिकात वाचली. विद्यार्थ्यांची सोय, तालुक्याचं नाव, हॉटेल आणि खोल्यांना येणारी बरकत, सगळं त्यात होतं. विमान ज्यांच्या डोक्यावरून जाणार त्यांच्याविषयी एक ओळ नव्हती. त्यांच्यापैकीच मी एक.

माझी पोल्ट्री आहे. तीस फूट रुंद, दोनशे फूट लांब असं एक शेड, त्यात पाच हजार पक्षी. करारावर. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं. शेड, वीज, पाणी, तूस आणि राबणं आमचं. वस्ती गावापासून वर माळावर, धावपट्टीपासून सरळ रेषेत साडेसात किलोमीटरवर. चौदा वर्षं हा धंदा करते आहे. पहिली नऊ मालकांबरोबर केली, ते गेल्यावर पाच वर्षं एकटीनं.

फेब्रुवारीतला मंगळवार होता. लॉट, म्हणजे एकदम आणलेल्या पक्ष्यांची खेप, एकतिसाव्या दिवसावर होता, म्हणजे पक्षी दीड-पावणेदोन किलोचे. सकाळी साडेदहाला पडदे अर्ध्यावर आणून मी शेडच्या दारात तुसाची पोती मोजत होते. विमानाचा आवाज आम्हाला नवा नाही. दिवसातून दहा-बारा वेळा लांबून येतो, लांब जातो, पक्षीही त्याला सरावले आहेत. त्या दिवशी आवाज आलाच नाही. कालव्याच्या अंगानं विमान खाली खाली येत राहिलं, इंजिन जवळजवळ मुकं, नुसती वाऱ्याची शीळ. आणि बरोबर शेडच्या पत्र्यावर आल्यावर एकदम पूर्ण जोरात गर्जलं. मी जागच्या जागी खाली बसले. चाकं दिसली, पोटाखालचे तेलाचे ओघळ दिसले, आत बसलेल्या मुलाच्या कानावरचा हेडफोन दिसला.

ज्यांनी कोंबड्या पाळल्या आहेत त्यांना पुढचं सांगायला नको. वरून कोसळणारा आवाज म्हणजे कोंबडीला घार. पाच हजार पक्षी एकाच वेळी पूर्वेच्या कोपऱ्याकडे धावले. ब्रॉयलरला उडता येत नाही. अंग जड, पाय नाजूक. पुढचा जाळीला थटतो, मागचा त्याच्यावर चढतो, त्याच्यावर तिसरा, चौथा. मी आणि शेजारची वहिनी दोघी मिळून हातांनी पक्षी उपसून मागे टाकत होतो आणि ते पुन्हा तिकडेच पळत होते. दहा-बारा मिनिटांत २१२ पक्षी गेले. एकालाही जखम नाही. सगळे गुदमरून.

पैशांचं सांगते, कारण २१२ कोंबड्या म्हटलं की लोकांना ते फार वाटत नाही. त्या लॉटची एरवीची मरतूक १९० होती, चार टक्क्यांच्या आत. ही भर पडल्यावर आकडा ४०२ झाला, म्हणजे आठ टक्के. करारात मरतूक ठरलेल्या हद्दीबाहेर गेली की कंपनी आम्हाला देते तो संगोपनाचा दर उतरतो. माझा किलोमागे साडेसातवरून साडेसहा झाला, आणि तो नुसत्या मेलेल्यांवर नाही, विकल्या गेलेल्या सगळ्या दहा हजार किलोंवर. मेलेल्या पक्ष्यांचे गेले ते वेगळे. सगळे मिळून साडेतेरा हजारांच्या वर. पंचेचाळीस दिवस रात्री दोनदा उठून शेडमध्ये फेरी मारणाऱ्या बाईच्या हातात एका लॉटला किती उरतात हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या आकड्याचं वजन कळेल.

पंचनाम्यासाठी जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी ‘गुदमरून मृत्यू’ असं लिहून दिलं. कशामुळे, हे लिहायला ते तयार नव्हते. त्यांनी विमान पाहिलं नव्हतं, त्यांचं बरोबरच आहे. मग पोलीस ठाण्यात गेले. ठाणे अंमलदारांनी नीट ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, “ताई, विमानाचा नंबर काय?” मला सांगता आला नाही. विमानाला नंबर असतो, तो खालून वाचता येतो, हेच मला माहीत नव्हतं.

आता माहीत आहे. भारतातल्या प्रत्येक नागरी विमानाच्या नंबराची सुरुवात ‘व्हीटी’ या इंग्रजी अक्षरांनी होते, पुढे आणखी तीन अक्षरं. ती डाव्या पंखाच्या खालच्या अंगाला निदान ५० सेंटिमीटर उंचीची रंगवलेली असतात, ती खालून दिसावीत म्हणूनच. माझ्यासारख्या कुणावर अशी वेळ आली तर आधी डाव्या पंखाकडे बघा, मग पक्ष्यांकडे धावा. मोबाइल हातात असेल तर चित्रीकरण करा.

पुण्यात कायदा शिकणारा माझा भाचा सुट्टीला आला तेव्हा त्याच्या मागे लागून मी नियम काढून घेतले. मराठीत मला ते कुठे मिळाले नाहीत. त्यानं वाचून अर्थ सांगितला, मी वहीत उतरवून घेतला. तोच इथे देते.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे जे हवाई नियम आहेत त्यांत, वैमानिक बाहेर डोळ्यांनी बघत जे उड्डाण करतो त्याच्यासाठी किमान उंची ठरलेली आहे. शहर, गाव, वस्ती असा दाट भाग असेल किंवा उघड्यावर माणसं जमलेली असतील, तर विमानाच्या सभोवती ६०० मीटरच्या घेरात जी सगळ्यात उंच वस्तू असेल तिच्या वर १००० फूट. बाकी सगळीकडे, म्हणजे आमच्या माळासारख्या ठिकाणी, जमिनीपासून किंवा पाण्यापासून ५०० फूट. याला सूट दोनच: विमान उडताना-उतरताना, आणि अधिकाऱ्यांनी खास परवानगी दिली असेल तेव्हा. हा नियम आपल्याकडचाच नाही, आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं सगळ्या देशांसाठी जे ठरवलं आहे त्यावरूनच तो आलेला आहे.

शिवाय १९३७ सालच्या विमान नियमांतला एकविसावा नियम आहे. खूप खालून उडल्यामुळे, माणसांच्या किंवा घरांच्या फार जवळून गेल्यामुळे किंवा आणखी कशामुळे, कुणाच्या जिवाला किंवा मालमत्तेला विनाकारण धोका होईल असं विमान कुणी उडवू नये, असा त्याचा अर्थ. १९३४ च्या विमान कायद्यात तर जाणूनबुजून असं धोक्याचं उड्डाण करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली होती. आता १ जानेवारी २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम आला आहे.

जुन्या कायद्यातलं सतरावं कलम ऐकून मात्र मी थोडा वेळ गप्पच बसले. माझ्या जमिनीवरून विमान गेलं म्हणून, किंवा त्याचा त्रास झाला म्हणून, मला दिवाणी कोर्टात दावा लावता येत नाही. पण त्याला अट आहे. वारा, हवामान आणि सगळी परिस्थिती बघता विमानाची उंची वाजवी असली पाहिजे. भाचा म्हणाला, हे शब्द ब्रिटनच्या १९२० च्या हवाई कायद्यातून जवळजवळ जसेच्या तसे आलेत. मला ते अन्यायाचे वाटले नाहीत. प्रत्येक शेतकऱ्यानं आपल्या बांधावरचं आभाळ अडवायचं ठरवलं तर एकही विमान उडणार नाही, हे मलाही कळतं. माझं बोट फक्त ‘वाजवी’ या शब्दावर आहे. उंची वाजवी होती की नव्हती हे कुणी बघितलं? बघणारी मी होते, आणि माझ्याकडे माप नव्हतं.

म्हणून मी धावपट्टीवर गेले. भांडायला नव्हे. फाटकावरच्या माणसानं आत निरोप दिला आणि एक प्रशिक्षक बाहेर आले. वयानं माझ्या धाकट्या दिरासारखे. खुर्ची दिली, चहा सांगितला. त्यांनीच मला समजावलं की त्या दिवशी काय चाललं होतं. उडताना इंजिन बंद पडलं तर जवळचं मोकळं रान हेरून तिथं कसं उतरायचं, याचा सराव प्रत्येक विद्यार्थ्याला करावा लागतो. प्रशिक्षक मध्येच इंजिनाची ताकद काढून घेतात, विद्यार्थी रान निवडतो, वाऱ्याचा अंदाज घेत विमान तरंगत खाली आणतो. आपण तिथं पोचतो आहोत हे नक्की झालं की पुन्हा पूर्ण ताकद देऊन वर जातात. म्हणून आधी शांतता आणि मग गर्जना. आमचा माळ सपाट आहे, झाडं तुरळक आहेत. वरून बघणाऱ्याला तो चांगला दिसतो.

हे शिकवू नका असं मी म्हणणार नाही. उद्या त्या मुलाचं इंजिन खरंच बंद पडलं तर हाच सराव त्याला वाचवणार आहे, आणि तो ज्या रानात उतरेल तिथल्या माणसांनाही.

पण मी विचारलं, किती खाली येता? ते म्हणाले, “ताई, आम्ही नियमातच उडतो. धावपट्टी समुद्रसपाटीपासून एकोणीसशे फुटांवर आहे, आम्ही चोवीसशेला वर उचलतो. पाचशे झाले ना?”

घरी येताना एसटीत हेच डोक्यात घोळत होतं. धावपट्टी नदीकाठच्या सखल भागात आहे. आमची वस्ती माळावर. गावाकडून घरी सायकल आणायची तर शेवटचा चढ हातात धरूनच चढावा लागतो. मुलीच्या मोबाइलवर उंची दाखवणारं ॲप आहे. शेडच्या दारात उभं राहून पाहिलं, तर एकवीसशेच्या थोडं खालीवर. म्हणजे विमानातलं घड्याळ चोवीसशे दाखवत असतं तेव्हा धावपट्टीपासून ते पाचशेवर असतं, आणि माझ्या पत्र्यापासून तीनशेवर. घड्याळ खोटं बोलत नाही. ते समुद्रापासून मोजतं. नियम मात्र म्हणतो, जमिनीपासून. जी जमीन खाली आहे तिच्यापासून, जिथून उडालात तिच्यापासून नव्हे.

माझ्या पत्रातलं एकच वाक्य छापायला जागा असेल तर ते हे छापा. महाराष्ट्राची जमीन परातीसारखी सपाट नाही. प्रशिक्षणाची धावपट्टी जिथं आहे तिथं आजूबाजूला कुठेतरी माळ आहे, टेकडी आहे, घाटाचा उतार आहे, आणि त्यावर माणसांच्या वस्त्या आहेत. धावपट्टीच्या उंचीत पाचशे मिळवून जो आकडा येतो तो या वस्त्यांवर पाचशे राहत नाही.

मोजमापाचा प्रश्न माझ्या मुलीनं सोडवला. ती दहावीला आहे, भूमितीत समरूप त्रिकोण झालेले. तिनं सांगितलं, आई, विमान बरोबर डोक्यावर असताना पट्टी हात लांब करून धर आणि पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती सेंटिमीटर भरतात ते बघ. माझा हात पूर्ण ताणला की डोळ्यापासून पट्टी ६० सेंटिमीटरवर येते. इथं उडणारी चार आसनी सेस्ना १७२ विमानं, त्यांच्या पंखांचा विस्तार ११ मीटर. अकराला साठानं गुणलं की ६६०. या ६६० ला पट्टीवरच्या सेंटिमीटरनी भागलं की विमानाची उंची मीटरमध्ये येते. पट्टीवर ४.४ भरले तर १५० मीटर, म्हणजे नियमातले ५०० फूट. त्याहून जास्त भरले तर विमान खाली आहे. विमान मोठं दिसतं तितकं जवळ, एवढं तर लहान पोरालाही कळतं. तिनं त्याला आकडा दिला.

आम्ही २३ दिवस वही ठेवली. तारीख, वेळ, पट्टीवरचे सेंटिमीटर, दिसला तर नंबर. डोक्यावरून गेलेल्या ४१ फेऱ्या मोजता आल्या. तिरकी गेलेली धरली नाहीत, कारण त्यांत हिशोब चुकतो. हात हलतो, अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे होतो, म्हणून ४.४ ते ५ मधली कुठलीही नोंद मी तक्रारीत धरलेली नाही. २९ फेऱ्या नियमात होत्या. हे मी मुद्दाम सांगते, कारण सगळेच बेफिकीर उडतात असं नाही. ५ च्या वर गेलेल्या नोंदी नऊ. त्यांतल्या तीन ८ च्याही वर. सगळ्यात मोठी ९. सहाशे साठ भागिले नऊ म्हणजे ७३ मीटर, २४० फूट. अर्धा सेंटिमीटर माझ्या विरुद्ध धरला तरी अडीचशेच्या आसपासच.

ही वही घेऊन मी ज्या कार्यालयात द्यायला हवी तिथं रजिस्टर पोस्टानं अर्ज केला. पोच आली आहे. ‘एअरसेवा’ नावाचं सरकारी पोर्टल भाच्यानं उघडून पाहिलं. ते विमानाने प्रवास करणाऱ्यांच्या तक्रारींसाठी आहे. जो विमानात कधी बसलेला नाही आणि ज्याच्या घरावरून ते जातं, त्यानं कुठं जायचं?

माझी कोंबड्यांची गोष्ट ऐकून भाच्यानं एक जुना खटला सांगितला. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात ग्रीन्सबरो गावाजवळ कॉस्बी नावाचं कुटुंब पावणेतीन एकरांवर कोंबड्या पाळत होतं. दुसऱ्या महायुद्धात शेजारचा विमानतळ लष्कर वापरू लागलं. विमानं उतरताना त्यांच्या घरावरून ६७ फुटांवर, कोठारावरून ६३ फुटांवर आणि सगळ्यात उंच झाडाच्या शेंड्यावरून १८ फुटांवर जायची. कोंबड्या घाबरून भिंतींवर आदळून मरायच्या, एका दिवसात सहा ते दहा. दीडशेच्या आसपास मेल्यावर त्यांनी धंदाच बंद केला. खटला थेट त्यांच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २७ मे १९४६ ला निकाल लागला. न्यायालयानं सांगितलं की जमिनीचा मालक तो वर आकाशापर्यंतचा मालक, हे जुनं तत्त्व आजच्या जगात चालणार नाही. पण त्याच निकालात हेही सांगितलं की जमीन वापरायची तर तिच्या लगतची वरची हवाही माणसाच्या हातात हवी, नाहीतर घर बांधता येणार नाही, झाड लावता येणार नाही. इतक्या खालून आणि इतक्या वारंवार उडणं म्हणजे जमीन काढून घेण्यासारखंच आहे, आणि त्याची भरपाई द्यावी लागेल. ते युद्धाचे दिवस होते, विमानं सरकारची होती, तरी सर्वोच्च न्यायालयानं कोंबड्यांचा हिशोब ऐकून घेतला. साता समुद्रापलीकडच्या त्या घरचा त्रास मला शेजारणीनं सांगावा तसा कळला.

कुणी म्हणेल, बाईला विमानाचंच वावडं आहे. माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात माझे आई-वडील आणि भाऊ चार दिवस माडीवर होते. हेलिकॉप्टर कौलांच्या इतकं जवळ आलं की कौलं उडाली. त्यातून पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटांचे पुडे मिळाले. तेव्हा उंची कुणी विचारली नाही, विचारूही नये. जीव वाचवायला आलेल्याला नियमात सूट हवीच. सराव ठरवून करता येतो, जागा बदलता येते. त्याला ती सूट लागू होत नाही.

आणि हे आमच्याच भल्यासाठी आहे असं नाही. जानेवारी २०२३ मध्ये मध्य प्रदेशात रीवाजवळ प्रशिक्षणाचं विमान रात्री धुक्यात एका देवळाच्या कळसाला धडकलं, वैमानिक गेला आणि शिकणारा जखमी झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये गोंदियाच्या बिरसी विमानतळावरून उडालेलं विमान बालाघाटच्या डोंगरात पडलं, शिकवणारे आणि शिकणारी मुलगी दोघेही गेले. त्या दोन्ही ठिकाणी नेमकं काय चुकलं हे तपास करणाऱ्यांनी सांगायचं. मी एवढंच जाणते की जमिनीजवळ आलेल्या विमानाला चूक सुधारायला वेळ उरत नाही. आमच्या माळावरून विजेच्या मोठ्या तारा जातात. खालून आम्हाला त्या रोज दिसतात. वरून येणाऱ्या पोराला दिसत असतील का, याची मला काळजी वाटते. वर्षभरापूर्वी गावठाणाची मोजणी ड्रोननं झाली, फवारणीचे ड्रोनही आता येतात. २०२१ च्या ड्रोन नियमांनी मोकळ्या भागात ड्रोनला ४०० फुटांपर्यंत जागा दिली आहे. विमानाला ५०० च्या वर. मध्ये शंभर फुटांचं अंतर आहे, आणि ते दोघांनी आपापली हद्द पाळली तरच आहे.

चैत्रातल्या यात्रेचं सांगायचं राहिलं. कुस्त्यांचा फड भरला होता, दोन-अडीच हजार माणूस. त्यावरून एक विमान गेलं, पंख हलवून सलामी दिल्यासारखं. लोकांनी फेटे उडवले, पोरं ओरडली, मीही हात हलवला. आता वहीत बघते तर उघड्यावरच्या जमावावर १००० फूट लागतात. पट्टी नव्हती जवळ, पण १००० फुटांवरच्या विमानाचे पंख हातभर अंतरावर जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर दिसतात. त्या दिवशीचं विमान तळहाताएवढं होतं. आम्हाला नियम माहीत नव्हता म्हणून आम्ही टाळ्या वाजवल्या.

माझं मागणं फार मोठं नाही. सरावासाठी जो भाग वापरतात त्याचा नकाशा आणि वेळा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावाव्यात, मराठीत. आठवड्याचा अंदाज दिला तरी पुरे. सराव सकाळी आमच्या बाजूला आहे हे कळलं तर मी त्या वेळी शेडमध्ये उभी राहीन. पक्ष्यांच्या जवळ ओळखीचं माणूस असलं की ते इतके बिथरत नाहीत. सरावाच्या भागातली सगळ्यात उंच वस्ती कुठली आहे ते पाहून तिच्या जमिनीपासून पाचशे धरावेत, आणि तो आकडा विद्यार्थ्याला उड्डाणाआधी तोंडपाठ असावा. आमच्या इथं तो सव्वीसशे आहे, चोवीसशे नाही. दोनशे फूट वरून विमान उचललं म्हणून सरावात काही कमी पडत असेल असं मला वाटत नाही, त्या प्रशिक्षकांनाही मी हे विचारलं होतं, तेव्हा ते थोडा वेळ थांबून म्हणाले, “करता येईल.”

धावपट्टीवर एक फोन असावा जो उचलला जाईल, आणि एक नोंदवही, जिच्यात खालच्या माणसाची तक्रार तारीखवार लिहिली जाईल. आताच्या प्रशिक्षण विमानांपैकी बऱ्याच विमानांत वैमानिकासमोरच्या पडद्याला जोडलेल्या कार्डावर उड्डाणाची सगळी नोंद साठते: वाट, उंची, वेळ. तक्रार आली की त्या दिवसाची नोंद काढून दोघांनी समोरासमोर बघावी. माझी पट्टी चुकली असेल तर मी तिथंच कबूल करीन. जनावरांच्या डॉक्टरांना पंचनाम्यात कारण लिहिता येईल, पोलिसांना नंबर मिळेल, आणि करार करणाऱ्या कंपनीला सांगता येईल की ही मरतूक पाळणारीच्या हलगर्जीची नाही.

विमानांच्या जुन्या नियमांच्या परिशिष्टात काही जागांवरून उडायला मनाई आहे. त्यात मुंबईच्या मलबार हिलवरचे पारशी समाजाचे दोखमे, म्हणजे मृतदेह ठेवायच्या जागा, आहेत, हे भाच्यानं वाचून दाखवलं तेव्हा मला फार बरं वाटलं. गेलेल्या माणसांच्या शांततेचा विचार कुणीतरी बसून, नकाशा पुढे घेऊन केलेला आहे. आमच्या माळावर सतरा घरं, तीन शेडं, एक अंगणवाडी आणि बाळंतपणाला आलेल्या दोन लेकी आहेत. आम्हाला मनाई नको. पाचशे फूट हवेत, आमच्या जमिनीपासून.

या पत्राबरोबर वहीच्या पानांच्या छायाप्रती पाठवत आहे. आपल्याला शक्य झालं तर किमान उंचीचा नियम मराठीत चौकट करून छापावा. मुलीनं पट्टीचा हिशोबही चित्र काढून दिला आहे.

माझा पुढचा लॉट येत्या १४ तारखेला येतो आहे. पक्षी अडीच-तीन आठवड्यांचे झाले की त्या प्रशिक्षकांनी एकदा आमच्या शेडच्या दारात येऊन उभं राहावं, त्यांच्याच एखाद्या विद्यार्थ्याला चोवीसशेवरून जाऊ द्यावं, आणि मग सव्वीसशेवरून. नुकसान झालं तर माझं. चहा मी करीन.

आपली,
एक पोल्ट्रीधारक शेतकरी महिला
(नाव व पत्ता संपादकांकडे)